आकाशाची परवानगी : काही टिपणे

23 जानेवारी 1970. व्हाइट हाऊसमधून अमेरिकेच्या दळणवळण आयोगाचे, म्हणजे एफसीसीचे, अध्यक्ष डीन बर्च यांच्याकडे एक पत्र गेलं. पाठवणारे पीटर फ्लॅनिगन, पण त्यामागचं डोकं त्यांच्या हाताखालच्या एकतीस वर्षांच्या माणसाचं होतं. क्ले थॉमस व्हाइटहेड, ओळखीपाळखीत टॉम. पत्राचा आशय असा : देशांतर्गत दळणवळणासाठी उपग्रह कुणी सोडायचा, हे सरकारने ठरवत बसू नये. ज्याच्याकडे पैसा आणि तांत्रिक कुवत आहे त्याने अर्ज करावा. एकाच्या लहरी दुसऱ्याच्या लहरींत घुसू नयेत आणि मक्तेदारीविरोधी कायदा मोडू नये, एवढं पाहिलं की बास.

वाचायला साधं वाटतं. पण त्याआधीची पाच वर्षं या एका प्रश्नावर वॉशिंग्टनमध्ये नुसती चर्चा चालली होती. 1965 मध्ये एबीसी या नेटवर्कने स्वतःचे कार्यक्रम देशभर पोचवायला उपग्रह मागितला. लगेच सगळे जागे झाले. कॉमसॅट म्हणाली, 1962 च्या कायद्याने आम्हालाच जन्माला घातलंय, तर हक्क आमचा. एटीअँडटी म्हणाली, देशाचे फोन आम्ही चालवतो. फोर्ड फाउंडेशनने सुचवलं की एक बिगरनफा संस्था काढा आणि मिळणारा पैसा शैक्षणिक टीव्हीला द्या. अध्यक्ष जॉन्सन यांनी नेमलेल्या टास्क फोर्सचा सल्ला होता, आधी एकच प्रायोगिक उपग्रह सोडा, तोही कॉमसॅटच्या देखरेखीखाली. प्रत्येकाकडे परवाना एकालाच का द्यावा याचं कारण होतं, आणि तो एक कोण याचं उत्तरही.

व्हाइटहेडचं म्हणणं होतं की तुमच्यापैकी कुणीही ते सिद्ध केलेलं नाही.

*

माणूस कॅन्ससचा. जन्म निओडेशा या गावचा, 1938 चा. एमआयटीतून इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंग, मग तिथूनच व्यवस्थापनशास्त्रात पीएचडी. मध्ये रँड कॉर्पोरेशन, काही काळ लष्कर. 1968 मध्ये निक्सन निवडून आला तेव्हा सत्तांतराच्या कामात शिरला आणि तिथून थेट व्हाइट हाऊसमध्ये. निवडणूक एकही लढवली नाही.

*

मोकळीक द्या, असं म्हणणारे नोकरशहा कमी नसतात, पण बहुतेकांची ती श्रद्धा असते. व्हाइटहेडचा युक्तिवाद इंजिनिअरचा होता. भूस्थिर कक्षा विषुववृत्तावर सुमारे 36 हजार किलोमीटर उंच. तिथे जागा मर्यादित आहेत हे खरं. पण 1970 साली त्या संपत आल्या होत्या का? नव्हत्या. मोठा उपग्रह लहानापेक्षा स्वस्त पडतो, म्हणून एकाच कंपनीला सगळं द्या, हे तरी आकडेमोडीने सिद्ध झालंय का? तेही नाही. मग धोका पत्करायला खाजगी कंपन्या तयार असताना सरकारने आपलं भाकीत त्यांच्यावर का लादायचं? त्यातली एखादी बुडाली तर भागधारकांचे पैसे बुडतील.

यात मला आवडते ती अज्ञानाची कबुली. उपग्रहाचा मुख्य उपयोग फोनसाठी होईल की टीव्हीसाठी की आणखी कशासाठी, हे आपल्याला माहीत नाही, असं सरकारी कागदावर म्हणायला धैर्य लागतं. टास्क फोर्सच्या अहवालात असलं धैर्य सहसा सापडत नाही. ते नेमतातच मुळी माहीत असल्याचं दाखवायला.

*

दुसरी बाजूही नोंदवून ठेवतो. कॅनडाने एवढा घोळ घातला नाही. टेलिसॅट ही एकच कंपनी कायद्याने उभी केली आणि नोव्हेंबर 1972 मध्ये अॅनिक ए-1 सोडून मोकळी झाली. उत्तरेकडच्या बर्फाळ वस्त्यांना टीव्ही आणि फोन मिळाले. अमेरिकेचा पहिला व्यापारी देशांतर्गत उपग्रह, वेस्टर्न युनियनचा वेस्टार-1, एप्रिल 1974 चा. मधल्या काळात आरसीए कंपनीला कॅनडाच्याच उपग्रहावर जागा भाड्याने घ्यावी लागली. एकाच संस्थेचा मार्ग हळू असतो, हा सिद्धांत इथे तरी लागू पडत नाही.

*

सप्टेंबर 1970 मध्ये निक्सनने ऑफिस ऑफ टेलिकम्युनिकेशन्स पॉलिसी, ओटीपी, हे नवं कार्यालय थाटलं आणि व्हाइटहेडला त्याचा पहिला संचालक केलं. परवाने देण्याचा अधिकार एफसीसीकडे. ओटीपीकडे फक्त अध्यक्षांच्या वतीने बोलण्याचा अधिकार. कागदावर हे कमी वाटतं. राजधानीत राहिलेल्या कुणालाही विचारा, दुसरा अधिकार कधीकधी जास्त जड असतो.

कार्यालय लहानसं, पण माणसं पाहा. कायदेशीर सल्लागार अँटोनिन स्कॅलिया, पुढे सर्वोच्च न्यायालयात जाऊन रूढिवाद्यांचे दैवत झालेले. पत्रकारांशी संबंध ठेवायला ब्रायन लँब नावाचा नौदलातून आलेला तरुण, ज्याने पुढे सी-स्पॅन हे चॅनेल काढलं.

जून 1972 मध्ये एफसीसीने अंतिम आदेश काढला. जवळपास व्हाइटहेडला हवा तसाच. एटीअँडटीवर मात्र तीन वर्षांचा लगाम : उपग्रह वापरायचा तर साध्या फोनसेवेसाठी वापरा, ज्या नव्या धंद्यात लहान कंपन्या उतरणार आहेत तिथे इतक्यात येऊ नका. या अपवादाकडे मी पुनःपुन्हा येतो. सगळ्यांना दार उघडायचं तर सगळ्यात धिप्पाड माणसाला थोडा वेळ बाहेर थांबवावं लागतं, हे मोकळ्या बाजाराच्या भक्तांना सांगायला हवं.

*

आता नावडता भाग.

ऑक्टोबर 1971, मायामी. शैक्षणिक प्रसारकांच्या संमेलनात व्हाइटहेडने सार्वजनिक टीव्हीला झापलं. तुम्ही गावोगावच्या केंद्रांना बळ द्यायचं सोडून वॉशिंग्टनमधून चालणारं चौथं नेटवर्क होऊ पाहताय, असा आरोप. मुद्दा म्हणून तो वाद घालण्याजोगा आहे. पण 1979 मध्ये त्या काळचे व्हाइट हाऊसचे कागद बाहेर आले आणि पडद्यामागचं दिसलं. भाषणाच्या काही आठवडे आधी सार्वजनिक टीव्हीने सँडर व्हॅनोकर आणि रॉबर्ट मॅक्नील या बातमीदारांना घेतलं होतं. निक्सन भडकला होता आणि निधी तोडण्याच्या गोष्टी करत होता. व्हाइटहेडची टिपणंही त्या गठ्ठ्यात आहेत. त्यांत विकेंद्रीकरणाचं तत्त्व आहे आणि त्या तत्त्वाने अध्यक्षांचे टीकाकार कसे दुबळे होतील याचा हिशेबही आहे. 30 जून 1972 ला निक्सनने सार्वजनिक प्रसारणाच्या निधीचं विधेयक नकाराधिकार वापरून परत पाठवलं.

म्हणजे उपग्रह खुले करणारा आदेश आणि टीव्हीचा गळा आवळणारा नकार, दोन्ही एकाच जून महिन्यातले.

*

18 डिसेंबर 1972, इंडियानापोलिस, पत्रकारांची सभा. हे भाषण त्याला आयुष्यभर चिकटलं. नेटवर्कच्या बातम्यांत विश्लेषणाच्या नावाखाली उच्चभ्रूंच्या गावगप्पा चालतात, विचारांची छुपी जाहिरातबाजी चालते, असं तो म्हणाला. सोबत विधेयकाची घोषणा : स्थानिक केंद्रांचा परवाना तीन वर्षांऐवजी पाच वर्षांचा करू, पण नेटवर्ककडून येणाऱ्या मजकुराची जबाबदारीही त्या केंद्राचीच. गाजर आणि छडी एकाच वाक्यात. विधेयक पुढे मंजूर झालं नाही.

त्याचे चाहते सांगतात, हे त्याच्याकडून वदवून घेतलं गेलं. मला ही सबब पुरेशी वाटत नाही. तीन नेटवर्कची देशाच्या बातम्यांवर मक्तेदारी होती आणि ती त्याला मनापासून खटकत होती, एवढं मान्य. पण मक्तेदारी मोडायला त्याच्याच हातात उपग्रह होता, केबल होती. परवान्याची धमकी कशाला? ज्याने आकाशाबाबत सरकारला परवानगीच्या धंद्यातून बाहेर काढलं, त्यानेच जमिनीवर परवान्याचा दट्ट्या उगारला. त्या चार वर्षांतली ही सर्वांत मोठी विसंगती.

*

1973 च्या उन्हाळ्यात वॉटरगेटच्या सुनावण्या सुरुवातीपासून शेवटपर्यंत दाखवल्या त्या याच सार्वजनिक टीव्हीने. निवेदक होते मॅक्नील आणि जिम लेहरर. लोकांनी रात्री जागून पाहिल्या, देणग्या वाढल्या. निक्सनने ज्याचा निधी अडवला त्याच दुकानाची त्याने अशी भरभराट करून दिली. आणि 1978 मध्ये एटीअँडटीच्या भाड्याच्या तारा सोडून आपलं सगळं वितरण उपग्रहावर नेणारं पहिलं अमेरिकी नेटवर्क कोणतं? पीबीएसच, म्हणजे तोच सार्वजनिक टीव्ही. उपग्रह वेस्टार-1. व्हाइटहेडच्या एका हाताने दुसऱ्या हाताचं काम असं उधळून लावलं. हे त्याला त्या काळी सुचलं असेल का, असा प्रश्न पडतो.

*

केबलबद्दल एकच नोंद, पण महत्त्वाची. जानेवारी 1974 मध्ये त्याच्या अध्यक्षतेखालच्या मंत्रिमंडळ समितीने अहवाल दिला. त्यातली मुख्य शिफारस : तार ज्याच्या मालकीची, त्याने त्या तारेतून काय जायचं हे ठरवू नये. बहुतेक वाहिन्या इतरांना भाड्याने द्याव्यात. निक्सन तेव्हा स्वतःला वाचवण्यात गुंतला होता, अहवाल कुणी उघडला नाही. पुढे पंचवीस-तीस वर्षांनी इंटरनेटच्या समानतेवरून जो वाद पेटला, त्याचं मूळ तिथे सापडेल.

*

1974 चा मे महिना. उपाध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांचे जुने वकिली भागीदार फिलिप ब्यूकन वॉशिंग्टनमध्ये व्हाइटहेडच्या घरी उतरले होते. निक्सन जाणार, हे दोघांनाही दिसत होतं. मग व्हाइटहेडच्या घरी चार-पाच जण गुपचूप भेटू लागले. सत्तांतर झालंच तर पहिल्या दिवशी, पहिल्या आठवड्यात काय करायचं, याची यादी. लँबही त्यात होता. सुरुवातीला खुद्द फोर्डनाही पत्ता नव्हता. बसलेल्या अध्यक्षाच्या नोकरीत राहून पुढच्या अध्यक्षाची तयारी करणं याला निष्ठा म्हणायचं की द्रोह? मी याला व्यवस्थापनशास्त्रातली पीएचडी म्हणतो. 9 ऑगस्टला राजीनामा लागू झाला. पुढच्याच महिन्यात व्हाइटहेडने सरकारी नोकरी सोडली. ओटीपीही फार टिकलं नाही, 1978 पर्यंत वाणिज्य खात्यातल्या नव्या विभागात विरून गेलं.

*

मोकळ्या आकाशाचं पुढे काय झालं, ते भराभर. 1975 च्या शरदात मनिलातला अली-फ्रेझर सामना एचबीओने उपग्रहावरून केबलच्या ग्राहकांना दाखवला. तोवर एचबीओ हे ईशान्येकडचं एक चिमुकलं पैसे घेणारं चॅनेल होतं. डिसेंबर 1976 मध्ये टेड टर्नरने अटलांटाचं आपलं मरगळलेलं स्थानिक केंद्र आरसीएच्या सॅटकॉम-1 वर चढवलं. देशभरच्या केबलवाल्यांना ते मिळू लागलं. मार्च 1979 मध्ये लँबच्या सी-स्पॅनने प्रतिनिधीगृहाचं कामकाज दाखवायला सुरुवात केली. 1980 मध्ये सीएनएन. यातलं कुणीही 1970 च्या अर्जदारांच्या रांगेत नव्हतं. एकाच संस्थेचा आराखडा मंजूर झाला असता तर या मंडळींनी अर्ज तरी कुणाकडे करायचा होता?

*

1979 मध्ये व्हाइटहेड ह्यूज कम्युनिकेशन्सचा अध्यक्ष झाला. ज्या धंद्याचं दार आपण सरकारात बसून उघडलं, त्याच धंद्यात पाच वर्षांनी मोठ्या पगारावर शिरायचं. आपल्याकडे निवृत्त सचिव खाजगी कंपन्यांच्या संचालक मंडळावर जातात तेव्हा भुवया उंचावतात, तशा इथेही उंचवाव्यात. फरक एवढाच की त्याने उघडलेलं दार सर्वांसाठी होतं, ह्यूजपुरतं नव्हतं. हा फरक लहान नाही, पण भुवया खाली आणण्याइतका मोठाही नाही.

तिथे त्याने डोकं चालवलं ते मात्र अस्सल. तोवर ट्रान्सपाँडर, म्हणजे उपग्रहावरची एकेक वाहिनी, भाड्याने मिळायची. व्हाइटहेडने ओनरशिपच्या फ्लॅटसारखी ती विकायला काढली. शिवाय सोसायटीत कोण राहायला येणार हे निवडून घेतलं : आधी एचबीओ, टर्नर अशी बडी नावं. कारण केबलवाल्याची डिश एकाच उपग्रहाकडे तोंड करून असते. सगळी लोकप्रिय चॅनेल्स एकाच ठिकाणी असतील तर त्याला दुसरीकडे बघायची गरज नाही, आणि केबलवाला जिथे बघतो तिथेच प्रत्येक नव्या चॅनेलला जागा हवी. गॅलक्सी-1 28 जून 1983 ला उडाला तेव्हा त्याच्या चोवीस वाहिन्यांसाठी गिऱ्हाईक शोधत फिरावं लागलं नाही.

*

सदबीज या लिलावगृहातली गोष्ट राहूनच जात होती. नोव्हेंबर 1981 मध्ये आरसीएने सात ट्रान्सपाँडरचं दीर्घ मुदतीचे भाडेहक्क चित्रं आणि झुंबरं विकणाऱ्या त्या दालनात लिलावाला काढले. एकूण बोली 9 कोटी डॉलरच्या वर. एफसीसीने हा लिलाव रद्द केला : एकाच मालाला सात वेगवेगळे दर लावता येणार नाहीत. कक्षेतली जागा मात्र कंपनीला फुकट मिळाली होती, त्याबद्दल फारसं कुणी बोललं नाही. व्हाइटहेडच्या धोरणातलं हे भोक आहे. दार उघडं ठेवा म्हणणाऱ्याने आत शिरल्यावर जमिनीचं मोल कुणाला द्यायचं, हे सांगितलं नाही.

तो प्रश्न आपल्याकडे वेगळ्या वाटेने आला. 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने टू-जीचे 122 परवाने रद्द केले, कारण लहरी लिलावाविना, जुन्या स्वस्त दरात वाटल्या गेल्या. त्यानंतर लिलाव हाच प्रामाणिकपणा, असं समीकरण झालं. मग 2023 च्या दूरसंचार कायद्याने उपग्रहसेवेच्या लहरी पुन्हा लिलावाविना द्यायचं ठरवलं, आणि जिओ आणि स्टारलिंक यांच्यात कुणाला काय न्याय्य वाटतं याची जुगलबंदी आपण पाहिली. 1965 ची वॉशिंग्टनमधली रांग आठवावी अशीच.

*

लक्झेंबर्ग. इथे मला व्हाइटहेड सर्वांत जास्त आवडतो, कारण इथे त्याच्या पाठीशी कुठलीच महासत्ता नव्हती.

1977 च्या जिनिव्हा परिषदेत युरोपातल्या प्रत्येक देशाला थेट घरात टीव्ही दाखवण्यासाठी पाच-पाच वाहिन्या वाटून दिल्या होत्या. फ्रान्स आणि जर्मनी त्यासाठी प्रचंड शक्तीचे, महागडे, मोजक्या चॅनेलचे सरकारी उपग्रह बांधत बसले. लक्झेंबर्गचे पंतप्रधान पिएर वेर्नर, ज्यांच्या 1970 च्या योजनेतून पुढे युरो उगवला, ते निराळ्या वाटेच्या शोधात होते. व्हाइटहेडने सांगितलं, घरातले रिसीव्हर आता सुधारलेत, एवढी ताकद लागत नाही. मध्यम शक्तीचा, अमेरिकी पद्धतीचा उपग्रह घ्या, पाचऐवजी सोळा चॅनेल बसवा, छतावर लहान डिश पुरे. योजनेचं नाव कोरोनेट. फ्रान्समध्ये हेटाळणी झाली ती 'कोकाकोला उपग्रह' म्हणून.

शेजाऱ्यांचा दबाव इतका वाढला की अमेरिकी माणूस पुढे राहिला तर योजना मरेल, अशी वेळ आली. 1984 मध्ये वेर्नर पायउतार झाले. मार्च 1985 मध्ये एसईएस ही युरोपीय भांडवलाची कंपनी लक्झेंबर्ग सरकारच्या हमीवर उभी राहिली आणि व्हाइटहेड बाजूला झाला. कल्पना तीच राहिली. अॅस्ट्रा-1ए डिसेंबर 1988 मध्ये उडाला, फेब्रुवारी 1989 मध्ये मर्डॉकचं स्काय त्यावरून सुरू झालं. जर्मनीच्या सरकारी टीव्ही-सॅटचा एक सौर पंख उघडलाच नव्हता. फ्रान्सचा उपग्रह आजारी निघाला.

गंमत अशी की सरकारने निवड करू नये म्हणणाऱ्याचं हे सर्वांत यशस्वी काम एका सरकारच्या हमीशिवाय उभंच राहिलं नसतं.

*

आपल्याशी धागा जुळतो तो एका भंगार उपग्रहामुळे. फेब्रुवारी 1984 मध्ये अवकाशयानातून सोडलेला वेस्टर्न युनियनचा वेस्टार-6 चुकीच्या कक्षेत अडकला. नोव्हेंबरात डिस्कव्हरी यानाच्या अंतराळवीरांनी तो अक्षरशः हाताने पकडून जमिनीवर परत आणला. दुरुस्त झाला, विकला गेला, आणि एप्रिल 1990 मध्ये चिनी रॉकेटवरून पुन्हा वर गेला तो एशियासॅट-1 या नावाने. 1991 चं स्टार टीव्ही त्याच्यावरून आलं. मुंबई-पुण्यात गच्चीवर डिश बसवून एका इमारतीवरून दुसरीवर तारा फेकणारे केबलवाले उगवले. त्यांना परवानगी कुणी दिली होती? कुणीच नाही. आणि 2 ऑक्टोबर 1992 ला झी टीव्ही. आकाश खुलं करण्याचा ठराव दिल्लीत कधी झालाच नाही, ते वरून गळलं.

तोवर आपला मार्ग दुसरा होता, आणि तो कमी प्रतीचा होता असं मी म्हणणार नाही. 1975-76 च्या साइट प्रयोगात नासाचा एटीएस-6 उधार घेऊन सहा राज्यांतल्या 2400 खेड्यांत टीव्ही पोचला होता. गॅलक्सी-1 नंतर दोनच महिन्यांनी, ऑगस्ट 1983 मध्ये, सरकारी इन्सॅट-1बी वर गेला : फोन, दूरदर्शन आणि हवामानाची छायाचित्रं, सगळं एकाच पाठीवर.

मग नोव्हेंबर 1993 चा हिरो कप. बंगालच्या क्रिकेट संघटनेने प्रक्षेपणाचे हक्क परदेशी कंपनीला विकले, तर तिची उपकरणं मुंबई विमानतळावर कस्टम्सने अडवली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. 9 फेब्रुवारी 1995 च्या निकालपत्रात न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांनी लिहिलं की प्रसारणाच्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, तिचं नियमन सरकारपासून स्वतंत्र अशा सार्वजनिक प्राधिकरणाने करावं. सरकारची मक्तेदारी गेली पाहिजे यावर सावंत आणि व्हाइटहेड यांचं जमलं असतं. पण सावंतांनी लगेच पुढचा प्रश्न विचारला, मालक कोण, आणि उत्तर दिलं जनता. व्हाइटहेडने तो प्रश्न घेतलाच नाही. दोघांची भेट व्हायला हवी होती.

*

निवृत्तीच्या वयात तो जॉर्ज मेसन विद्यापीठात शिकवत होता. 23 जुलै 2008 ला कर्करोगाने गेला, एकोणसत्तराव्या वर्षी. कागदपत्रं आता लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आहेत.

*

ताजी नोंद. ह्यूजचे गॅलक्सी उपग्रह 1997 मध्ये पॅनअॅमसॅटकडे गेले, पॅनअॅमसॅटला 2006 मध्ये इंटेलसॅटने घेतलं. आरसीएचा उपग्रह व्यवसाय जीईमार्गे 2001 मध्ये लक्झेंबर्गच्या एसईएसकडे आला होता. 17 जुलै 2025 ला एसईएसने इंटेलसॅटही विकत घेतलं. म्हणजे 1964 मध्ये देशोदेशींच्या सरकारांनी मक्तेदारी म्हणून उभं केलेलं इंटेलसॅट, तिला शह द्यायला निघालेल्यांचे वंशज, व्हाइटहेडने चालवलेले गॅलक्सी आणि त्याने कल्पिलेले अॅस्ट्रा, सगळे आज एकाच मालकाच्या छपराखाली. स्टारलिंकपुढे टिकायचं तर एकत्र यायलाच हवं, असं समर्थन झालं. वॉशिंग्टनची मंजुरी लागली, ब्रसेल्सचीही. दोन्ही मिळाल्या.